तालुका भुदरगड, मग कचेरी गारगोटीत का? मुलांना काय सांगू?

हातकणंगलेची_बाई

नमस्कार मंडळी. मी मूळची हातकणंगले तालुक्यातली. जूनपासून भुदरगड तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन वर्ग, मी एकटी, पटावर २३ मुलं.

तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा येतो, चौथीत शिवाजी महाराज येतात. तालुका तेवढा कुठंच नीट येत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात फळ्यावर कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा काढला, १२ तालुके आखले आणि प्रत्येकाच्या मुख्य ठिकाणी ठिपका दिला. कागलचं कागल, आजऱ्याचं आजरा, चंदगडचं चंदगड. करवीरचं कोल्हापूर, हे मुलांना माहीत होतं. भुदरगडपाशी येऊन मी गारगोटी लिहिलं आणि मागच्या बाकावरची एक चौथीतली मुलगी उठली.

"बाई, पन्हाळ्याची कचेरी पन्हाळगडावरच हाय. मामाकडं गेल्यावर मी बघिटलीया. मग आपली भुदरगडावर का न्हाई? गारगोटीत का?"

मी तिला "उद्या सांगते" म्हणाले. त्याला आज आठवडा झाला. रोज हजेरी घेताना ती माझ्याकडं बघते. इथं या भागातली माणसं आहेत म्हणून विचारते. नुसतं "गड उंचावर आहे म्हणून" एवढ्यावर ती पोर गप्प बसणार नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही, कारण पन्हाळाही उंचावरच आहे. गारगोटी तालुक्याचं गाव कसं झालं, तिथं काय काय घडलं, नदी-डोंगर कसे आहेत, जे ठाऊक असेल ते लिहा. मुलांना सांगता येईल असं हवं आहे.

---

तिट्ट्यावरचा

मॅडम, मी मुदाळ तिट्ट्याजवळचा. कारण सोपं असावं. गडावर पाण्याची सोय नसणार, त्यामुळं वस्ती खाली आली. नदीकाठी बाजार भरतो तिथं कचेरी. आमच्याकडं आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावास्येला एवढी माणसं येतात की तिट्टा ओलांडायला अर्धा तास लागतो, पण तालुक्याचं काम निघालं की आम्हालाही गारगोटीच गाठावी लागते. मुलांना सांगा, जिथं चार वाटा मिळतात तिथं सरकार बसतं.

---

वेदगंगा_काठ

बाई, मी याच तालुक्यात तलाठी होतो, शेवटची सहा वर्षं मंडल अधिकारी. हजारो सातबाऱ्यांवर 'तालुका भुदरगड' असं माझ्या हातानं लिहिलंय. तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलं ते एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या आणि उत्तर सविस्तर द्या, कारण ते सविस्तर आहे.

आधी तिट्ट्यावरच्या भाऊंचं एक दुरुस्त करतो. गडावर पाणी आहे. माथा चांगला ऐसपैस, सपाट आहे आणि त्यावर मोठा तलाव आहे. त्याला दुधसागर म्हणतात. भैरवनाथाचं देऊळ आहे, माघात तिथं यात्रा भरते. म्हणजे पाण्यावाचून गड ओस पडला असं नाही. गडाला लागून जी वस्ती आहे तिचं नाव पेठ शिवापूर. यातला 'पेठ' हा शब्द मुलांना सुटा करून दाखवा. पेठ म्हणजे बाजार. गडाला स्वतःची पेठ होती, म्हणजे माणसांची ये-जा होती, देणंघेणं होतं.

गड शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाचा मानतात. १६६७ साली शिवाजी महाराजांनी त्याची डागडुजी करून तिथं शिबंदी ठेवली. पुढं तो आदिलशाहीकडं गेला. १६७२ मध्ये मराठ्यांनी अचानक छापा घालून परत घेतला, तिथला सरदार मारला गेला आणि त्याची निशाणं भैरवनाथाला वाहिली. पोरांना ही गोष्ट आवडेल. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते पुढं, १८४४ मध्ये आहे, आणि ते तलवारीपेक्षा जमिनीच्या कागदात जास्त आहे. म्हणूनच मला ते जवळचं वाटतं.

गडकरी म्हणजे गड राखणारी माणसं. बापानंतर लेकानं पहारा करायचा, अशी पिढ्यान् पिढ्यांची चाकरी. तिचा मोबदला म्हणून त्यांना गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या. त्या जमिनींचा कारभारही गडाच्याच अंमलदारांकडं. म्हणजे माणूस गडाचा, शेत गडाचं आणि दाद मागायची तीही गडावरच. अशी व्यवस्था असेल तर गड हीच कचेरी. वेगळी कचेरी हवी कशाला?

१८४४ साली कोल्हापूर संस्थानात कंपनी सरकारनं नेमलेले कारभारी होते, दाजी कृष्ण पंडित. त्यांच्या अमलात गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या अंमलदारांकडून काढून मामलेदारांच्या हाती दिल्या. कागदावर हा एक फेरफार. पण ज्याच्या घरात चार पिढ्या गडाची चाकरी झाली, त्याला उद्यापासून आपल्या शेतासाठी दुसऱ्याच माणसापुढं हात जोडून उभं राहायचं होतं. सामानगडचे गडकरी उठले, भुदरगडचे उठले, आणि बघता बघता बंड पन्हाळ्यापर्यंत पोचलं. इंग्रजांना मोठी फौज आणावी लागली. जनरल डेलामोट तोफा घेऊन आला. सामानगड पडला, भुदरगड पडला, डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळाही पडला. त्यानंतर संस्थानातल्या गडांचे तट पाडले आणि गडकऱ्यांची वंशपरंपरेची चाकरी मोडली.

आता बाई, त्या पोरीला सांगा की गडाच्या हातून जमिनीचा कारभार गेला त्या दिवशी गड रिकामा झाला. तट नंतर पडले. मामलेदाराला तट नको असतो. त्याला हवी असते रयत सहज पोचेल अशी जागा, वसूल ठेवायला खजिना, आणि वरच्या कचेरीकडं माणूस धाडायला सोयीची वाट. हे सगळं खाली, वेदगंगेच्या काठी होतं. तालुक्याला नाव गडाचं राहिलं आणि काम नदीकाठी आलं. आमच्या भागातली म्हातारी माणसं तहसीलदाराला अजून मामलेदारच म्हणतात, त्या शब्दाला एवढं वय आहे.

मग पन्हाळा का राहिला? पन्हाळ्यावर गडाशिवायही गाव होतं. काही काळ ती कोल्हापूरच्या छत्रपतींची राजधानी होती, वाडे होते, कोल्हापूर अर्ध्या दिवसाच्या चालीवर. तट पडले तरी माणसं उठून गेली नाहीत. भुदरगडाला गडाच्या कामाशिवाय दुसरं काम नव्हतं. हे माझं मत आहे, पण दोन्ही गड पायी फिरून झालेलं मत आहे.

आता भूगोल. मुलांना नकाशाआधी पाऊस सांगा. आमचा तालुका दक्षिणेकडून उत्तरेकडं लांबट, वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेला. नदी पाटगावच्या वरच्या डोंगरात उगवते, कडगाववरून गारगोटीला येते, कूरच्या पुढं वळण घेऊन मुरगूडकडं जाते आणि कर्नाटकात दूधगंगेला मिळते. वरच्या अंगाला सह्याद्रीचा कडा, जांभ्याचे सडे आणि धुवांधार पाऊस. तिथं भात आणि उतारावर नाचणी. खाली कूर-मडिलगेकडं आलात की पाऊस निम्म्यावर येतो आणि ऊस लागतो. तो ऊस बिद्रीच्या कारखान्याला जातो. गारगोटी या दोन्हींच्या मधोमध आहे. वरचा माणूस भात घेऊन उतरतो, खालचा माणूस बाजाराला वर येतो आणि दोघांची गाठ इथं पडते. तिट्ट्यावरच्या भाऊंचं ते म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखवाच. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घालायचं काम निघतं. दगडी खांबांना उभ्या खोबणी असतात. दोन माणसं एक बरगा आडवा धरून खोबणीत सोडतात, तो पाण्याच्या दाबानं मधेच अडतो, मग वरून पायानं दाबत खाली बसवतात. अशा दोन रांगा आणि त्यांच्यामधे माती. माती कमी पडली तर रात्रभर पाणी झिरपतं आणि सकाळी कालच्याएवढंच पात्र दिसतं. जूनच्या आधी सगळे बरगे काढून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच पुराला वाहून जातात. तलाठी असताना मी बंधाऱ्यावर उभा राहून हे कितीदा तरी बघितलंय. कुठल्या गावाच्या हद्दीत पाणी किती तटलं यावरून जे तंटे माझ्यापुढं आले, त्यातून मला हा तालुका जेवढा कळला तेवढा कुठल्याही नकाशातून कळला नाही.

आता कचेरीची दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना आवाज हळू करा.

१३ डिसेंबर १९४२. 'चले जाव'ची चळवळ सुरू होऊन चार महिने झाले होते. गारगोटी तेव्हा कोल्हापूर संस्थानात, पण संस्थानावर हात इंग्रजांचाच. भूमिगत झालेली पोरं गारगोटीच्या कचेरीवर आणि खजिन्यावर चालून आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सात जण जागी पडले. कापशीचे करवीरय्या स्वामी, कलनाकवाडीचे नारायण वारके, मुरगूडचे तुकाराम भारमल आणि आणखी चौघं. स्वामी आणि वारके यांची नावं आज सूतगिरणीला आहेत, तुकाराम भारमलांचं नाव मुरगूडच्या वाचनालयाला आहे. मुलांनी ती नावं पाटीवर वाचलेली असतात, माणसं कोण ते त्यांना माहीत नसतं.

माझा आजा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. गारगोटीपासून चार-पाच मैलांवर घर. तो सांगायचा, सकाळी गावातल्या जाणत्यांनी सगळ्या पोरांना देवळात बसवून ठेवलं आणि म्हणाले, आज कुणी गारगोटीची वाट धरायची नाही. कुणी कारण सांगितलं नाही. दुपारी एक बाई बाजारची टोपली डोक्यावर तशीच भरलेली घेऊन परत आली आणि ओट्यावर बसून राहिली. तिनं टोपली खाली उतरवली नाही. आज्याला एवढंच आठवायचं, ती भरलेली टोपली. त्यानं ते मला दहा वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी टोपलीपाशी येऊन थांबायचा.

ती पोरं कचेरीवरच का गेली, हे मुलांना विचारा. त्यांचं तेच सांगतील. राज्य कुठं दिसतं? सारा कुठं भरायचा? दाखला कुठं मिळतो? १८४४ मध्ये गडकऱ्यांना जे मामलेदाराचं ठिकाण सलत होतं, तेच ९८ वर्षांनी या पोरांनी निशाण्यावर घेतलं.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कचेरी तीच राहिली, वर झेंडा आपला आला.

---

कडगाव_वरचा

काका, तुमचं लिहिणं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. टोपलीच्या पुढं मला वाचता आलं नाही.

मी वरच्या अंगाचा, पाटगावच्या बाजूचा. दोन गोष्टी माझ्याकडून.

बाई, चौथीच्या मुलांना पाटगावला न्याच. तिथं मौनी महाराजांची समाधी आहे. १६७६ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला पाटगावला आले होते. आमच्या पोरांना रायगड पाठ असतो, पण महाराज आपल्याच खोऱ्यात येऊन गेले हे सांगितलं की डोळे एवढे मोठे होतात. पाटगावच्या धरणालाही त्यांचंच नाव आहे, मौनीसागर. वर रांगणा किल्ला आहे. पावसाळ्यात मुलांना घेऊन तिकडं जाऊ नका, ओढे भरतात. आणि पाटगावचा मध. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' योजनेत आमचं गाव आलं, पण जंगलातून मध काढणं इथं जुनंच. आता पेट्यांत सातेरी माशा पाळतात. जांभळाचा मध चाटून बघायला द्या मुलांना, किंचित कडवट लागतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. गारगोटी गारगोटीच का राहिली, मोठं शहर का झाली नाही, याचं उत्तर माझ्या मते घाटात आहे. कोकणात उतरायला उत्तरेकडं राधानगरीवरून फोंडा घाट, दक्षिणेकडं आजऱ्यावरून आंबोली. आम्ही दोन्हींच्या मधे. आमच्या डोक्यावर कडा आहे आणि कड्याखाली कुडाळचा मुलूख दिसतो, पण गाडीनं उतरायचं तर लांबचा वळसा. शिवडावहून सोनवड्याला घाट होणार हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. रस्ता जिथं संपतो तिथलं गाव आणि रस्ता जिथून पुढं जातो तिथलं गाव यात फरक पडतो. निपाणी-देवगड रस्ता मुदाळ तिट्ट्यावरून निघून जातो आणि गारगोटी एका बाजूला राहते.

पण आमच्यासाठी गारगोटी म्हणजे टोक नव्हे, ती सुरुवात. माझी आई वारली त्या वर्षी श्रावणात तिला ताप भरला. वाडीतून तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं गारगोटी. सकाळी सातला निघालो ते साडेअकराला पोचलो. ती त्या वेळी वाचली. पुढं कोल्हापूरला हलवावं लागलं ते चार महिन्यांनी. म्हणून गारगोटीच्या स्टँडवर उतरलो की मला अजून बरं वाटतं, आपण पोचलो असं वाटतं.

---

आयसीआरई_८९

मी गारगोटीचा, आता पुण्यात. काकांनी कचेरीच्या दोन गोष्टी सांगितल्या, मौनी विद्यापीठाची मी सांगतो, कारण मी त्यातूनच बाहेर पडलो.

१९५२ साली जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचंच. नाईक शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. एवढा मोठा माणूस, पुढं कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला, देशाच्या शिक्षणाचा आराखडा ज्या अहवालात आहे तो १९६६ चा अहवाल त्यांच्या हातून गेला. त्यांनी हे काम कोल्हापूर शहरात काढलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते गारगोटीत आले. त्यांचं म्हणणं, खेड्यातल्या पोराला शिकायला खेडं सोडावं लागता कामा नये, आणि शिकून झाल्यावर त्याचं शिक्षण खेड्याच्या कामी यावं.

म्हणूनच आमच्या डिप्लोमाच्या नावातच 'रुरल' होतं, सिव्हिल अँड रुरल इंजिनिअरिंग. काका, तुम्ही ज्या बंधाऱ्यावर उभे राहायचात, त्याच नदीवर आम्ही लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल करायचो. डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, तिकाटण्यावर बसवायची, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, ती धरायला ज्युनिअर पोराला गुडघाभर पाण्यात उभं करायचं आणि पाण्याच्या पातळीचे आकडे वहीत घ्यायचे. संध्याकाळी हॉस्टेलवर आल्यावर हिशेब जुळायचा नाही, मग पुन्हा दुसऱ्या दिवशी नदी. महाराष्ट्रभरची पोरं होती वर्गात. माझ्या खोलीत एक लातूरचा आणि एक रत्नागिरीचा. लातूरच्याला आमचा जुलैचा पाऊस बघून घरची आठवण आली आणि तो आठ दिवस जेवला नाही नीट. आज तो मराठवाड्यात पाझर तलावांची कामं करतो.

बाई, त्या मुलीला सांगा की गारगोटी हे कचेरीचं गाव आहे तसं शाळेचंही गाव आहे. माझ्या मते दुसरं पहिल्यापेक्षा मोठं आहे.

---

हातकणंगलेची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात सांगितलं. दीड तास गेला, गणित राहिलं.

गडकऱ्यांचं सांगताना मी दोन मुलांना उभं केलं, एक गडकरी, एक मामलेदार. मधे एक वही ठेवली, ती म्हणजे जमीन. गडकरी झालेल्या मुलानं वही सोडलीच नाही. मामलेदार झालेला रडकुंडीला आला. म्हटलं, बसा, सगळ्यांना कळलं.

टोपलीची गोष्ट सांगितली तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग ती मागच्या बाकावरची म्हणाली, "बाई, त्या बाईनं कुनाला तरी पडताना बघिटलं आसंल." मी मान डोलावली.

आज सकाळी तिनं दप्तरातून दोन पांढऱ्या गारगोट्या आणल्या. ओढ्यातल्या. वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, दार ओढलं आणि दोन्ही एकमेकींवर घासल्या. आतून फिकट उजेड दिसला आणि जळकट वास आला. सगळ्या २३ मुलांनी एकेकदा घासून बघितलं. तालुक्याच्या गावाचं नाव हातात धरल्यासारखं झालं त्यांना.

आता तिचा नवा प्रश्न आहे. १३ डिसेंबरला आपण गारगोटीला जायचं का?

---

वेदगंगा_काठ

जायचंच. दर वर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना असते. मुलांना पुढच्या रांगेत उभं करू, मी आधी जाऊन बोलून ठेवतो. गणवेश, पायात काहीतरी आणि सकाळी थंडी असते म्हणून स्वेटर. २३ पोरं आणि तुम्ही, एस.टी.त सगळ्यांना बसायला मिळेल याची हमी नाही, म्हणून आगारात आठ दिवस आधी अर्ज द्या. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. सातही नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवतो, गावांसकट. प्रत्येक नाव तीन-तीन मुलांना वाटून द्या, म्हणजे तिथं मोठ्यानं म्हणता येतील. दोन मुलं उरतात. त्या दोघांना माझ्या आज्याकडून एक टोपली फुलं धरू द्या.